दहापैकी वीस

मी तोंडाची फटकळ आहे हे टेंभी नाक्याला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. या गोष्टीत मी डॉक्टरांना दोनदा गप्प बसवलंय आणि दोन्ही वेळा माझंच बरोबर होतं. साल त्र्याण्णव. नाक्याजवळच डॉ. देवस्थळींचा हाडांचा दवाखाना होता, पहिल्या मजल्यावर. गुडघ्याच्या डॉक्टरने पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटावा, यावरून काय ते समजा. मी तिथे सिस्टर. नाव कलावती, माहेर साताऱ्याकडचं, राहायला कोपरीला.

डॉक्टर डोंबिवलीचे. तरुण, हुशार, शुद्ध बोलणारे. मुंबईच्या एका मोठ्या सरांबरोबर त्यांनी संशोधन हाती घेतलेलं. गुडघेदुखीवर नवीन गोळी आलेली, तिची परीक्षा. चाळीस पेशंट घ्यायचे. अर्ध्यांना खरी गोळी द्यायची, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण नुसत्या पिठाची. कोणाला कुठली ते बंद पाकिटात, डॉक्टरांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. पेशंटने सहा आठवडे दर गुरुवारी यायचं आणि दुखण्याला आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. सहा आठवड्यांनी ज्याचा आकडा पाचाच्या वर राहील, त्याला गोळी बदलून मिळणार.

"सिस्टर, वेदनेला थर्मामीटर नसतो," डॉक्टर मला म्हणाले. "पेशंट सांगेल तीच वेदना. तो आकडा जसाच्या तसा लिहायचा. आपण मध्ये तोंड घालायचं नाही."

मी म्हटलं, बरं. तोंड न घालणं मला कितपत जमतं ते त्यांना अजून कळायचं होतं.

सुरुवातीचे पेशंट ठीक होते. डोंबिवलीचे एक रिटायर्ड हेडक्लार्क होते, ते "सहा पूर्णांक तीन दशांश" सांगायचे आणि मी तसंच लिहिलंय का ते वाकून बघायचे. खोपट डेपोचा ड्रायव्हर धोंडीबा विचारायचा, "गाडी रिकामी धरू का भरलेली?" रिकामीला चार, भरलेलीला आठ. डॉक्टर सहा लिहायचे आणि खूश व्हायचे. मग एका गुरुवारी चेंदणीच्या कोळणी आल्या. अकरा जणी, एकदम. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं ना, म्हणून तो वार त्यांना सोयीचा.

सगळ्यांत पुढे मनुबाई. ही माझी नेहमीची. बारा वर्षं मी तिच्याकडूनच मासळी घेत होते. बाजारात दरवाजापासून तिसरी जागा तिची, तिच्या सासूकडून आलेली, बत्तीस वर्षं तिथे पाटावर मांडी घालून बसलेली बाई. गुडघ्यांनी सूड उगवला तर नवल काय. खुर्चीत बसता बसता तिने सगळी हकिकत सांगून टाकली. मुलगा कान्हा हट्टाला पेटलाय, सहा आठवडे बघतो म्हणतो, डॉक्टरने बरं केलं तर ठीक, नाहीतर माघापासून तुझ्या जागेवर सरस्वती बसेल, तू घरी बस. सरस्वती म्हणजे सून.

"घरी बसून काय करू गो?" मनुबाई म्हणाली. "भिंतीला भाव सांगू? ती जागा गेली का मी गेले."

हे ती हसत बोलली, पण तिचा हात पदराला पीळ देत होता. मला वाईट वाटलं. आमच्यात एवढं काही बोलणं व्हायचं नाही, पण वाटलं.

डॉक्टरांनी पिठाच्या गोळीचं समजावलं. मनुबाई म्हणाली, "पीठ मना नको, घरात भाकऱ्या हायत." डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. तिने अंगठा दिला. मग डॉक्टरांनी पेन सरसावलं.

"सांगा मावशी, दहापैकी किती दुखतं?"

"वीस."

"दहाच्या वर नाही जायचं. शून्य ते दहा."

मनुबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. पोरगा शिकलेला दिसतो, दवाखाना नवीन आहे, असा हिशोब तिने केला असावा. "चला, तुमच्याकरता अठरा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. दहा म्हणजे काय, ते बोटांवर दाखवलं. मनुबाईने दहाही बोटं बघितली आणि म्हणाली, "तुमचं बी ऱ्हाऊ दे, माजं बी ऱ्हाऊ दे. पंधरा."

मागे बाकावर बसलेल्या दहाजणी माना डोलवत होत्या. मनुबाई पंधराच्या खाली आली तर आपलंही पडणार, ही काळजी त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'रुग्णास प्रश्न समजला नाही.'

"प्रश्न तिला बरोबर समजलाय," मी म्हटलं. "उत्तर तुम्हाला समजलं नाही."

डॉक्टर घरचे शाकाहारी. जन्मात मासळी बाजाराची पायरी चढलेले नाहीत. त्यांना कोण सांगणार की कोळणीने पहिला सांगितलेला आकडा हा आकडा नसतो, ती नुसती सुरुवात असते. जी बाई बत्तीस वर्षं रोज सकाळी चढवून सांगते आणि उतरवून देते, ती गुडघ्याचं एकदम खरं कसं सांगेल? समोरचा पाडणारच, हे धरून ती चालते. आणि डॉक्टरसाहेब पाडत नव्हते, तेच तिला विचित्र वाटत होतं. मी खुर्ची पुढे ओढली.

"मनुबाई, तीन."

"तीन? अगो, तीन तर माजी नात रडते तवा आसतं. बारा."

"चार. लंगडत नाहीयेस तू."

"जिना कोनी चढला मग? तुज्या आयशीने? दहा."

"सहा, शेवटचं. नाहीतर पुढच्या बाईला बोलावते."

मनुबाई उठली. उठताना गुडघा धरला, दोन पावलं दाराकडे गेली, थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "आठ. याच्या खाली नाय जमनार."

"आठ लिहा," मी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर हादरले. "सिस्टर, हे संशोधन आहे. वेदनेची घासाघीस करतात का?"

"बसा गप्प, साहेब. दारापाशी थांबून सांगितलेला आकडा खरा असतो. बारा वर्षं मी याच हिशोबाने पापलेट घेतेय."

बिचाऱ्यांनी घाबरत घाबरत लिहिलं. मग उरलेल्या दहाजणींशी मी घासाघीस केली. दुपारपर्यंत माझा घसा बसला. पण गंमत बघा, पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी गुडघे वाकवून बघितले, सूज बघितली, चालायला लावलं, आणि माझे दारातले आकडे आणि त्यांचे गुडघे तंतोतंत जुळले. पूर्णांक दशांशवाल्या हेडक्लार्कपेक्षा जास्त जुळले. डॉक्टरांनी मुंबईच्या सरांना फोन लावला. सर काय म्हणाले ते मला नाही कळलं, पण फोन ठेवल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुमची पद्धत चालू ठेवा. कागदावर मात्र नुसतं 'मुलाखत' लिहा."

तशी पाच आठवडे मुलाखत चालली. कोणाचा आठाचा चार झाला, कोणाचा सहाचा दोन. गोळ्यांवरून भांडणं व्हायची, हिची गोळी मोठी, माझी बारीक म्हणून. सगळ्या गोळ्या एका मापाच्या. मनुबाई मात्र दर वेळी अठराला नाहीतर सोळाला सुरू व्हायची आणि आठाला, फार तर साडेसाताला येऊन थांबायची. माझ्या लक्षात येत होतं की तिचं काही उतरत नाहीये. तिच्याही येत असणार. पाचव्या गुरुवारी जाताना तिने विचारलं, "माघ किती लांब हाय गो?" मी म्हटलं, आहे अजून. तेवढा काही लांब नव्हता.

सहाव्या गुरुवारी ती सुनेला घेऊन आली. म्हणजे सूनच तिला घेऊन आली. डॉक्टर काय सांगतात ते कानाने ऐकून ये, असं कान्हाने बजावून पाठवलेलं. सरस्वती सडपातळ पोरगी, हातात पिशवी, नजर खाली. बाकावर सासूला चिकटून बसली. डॉक्टरांनी पेन काढलं. मी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला.

"मनुबाई, किती?"

"दोन," मनुबाई म्हणाली.

मी वाट बघितली. पुढे काहीच नाही. ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत बसलेली.

डॉक्टरांचा चेहरा फुलला. "वा, मावशी. आठावरून दोन. उत्तम." पेन कागदाला टेकणार, तोच मी त्यांचा हात धरला. खरंच धरला.

मनुबाईने बारा वर्षांत मला खालचा भाव एकदाच सांगितलेला. बोंबील होते. "ने बाय, स्वस्तात देते," म्हणाली आणि मी वेडी खूश होऊन घेऊन गेले. घरी पुडा सोडला तर वासाने शेजारीण दारात आली. कोळीण आपणहून पडता भाव सांगते तेव्हा आत काहीतरी नासलेलं असतं, हे मी त्या दिवशी शिकले.

"दोन मला परवडत नाही," मी म्हटलं. "मी आठ देते."

मनुबाईने माझ्याकडे बघितलं. "दोन बोलले ना."

"आठ."

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "पेशंट सांगेल तीच वेदना. आणि तुम्ही उलट्या दिशेने का निघालात?"

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हटलं, आणि ते बसले. "मनुबाई, जिन्याला बारा पायऱ्या. मी इथे बसून ऐकत होते. तू किती वेळा थांबलीस?"

"सून दमली व्हती."

सरस्वतीने मान वर केली.

"आठ," मी म्हटलं.

"तीन. जा, तुज्याकरता."

"काल सकाळी बाजारात पाटावरून उठताना शेजारणीचा खांदा धरलास. मी कोलंबी घ्यायला आलेले, बघितलं. साडेसात, त्याच्या खाली मी येणार नाही."

"पाच," ती म्हणाली. आवाज बारीक झालेला.

"पाचावर गोळी बदलून मिळत नाही. पाचाच्या वर लागतं. ऐकलंयस तू ते."

"मना नको गोळी. मना जागा पायजे." आणि मग तिचा बांध फुटला. "नऊ हाय गो, नऊ. पाय खाली टेकवत नाय सकाळचा. पन नऊ बोलले तर ही घरी जाऊन कान्हाला सांगेल आन् माघात माजा पाट उचलतील. आता लिव्हा काय लिव्हायचं ते."

मला स्वतःचाच राग आला. चारचौघांत बाईच्या तोंडून काढलं मी, तेही तिच्या सुनेसमोर. फटकळ तोंडाचं काय कौतुक सांगत होते मी एवढा वेळ. डॉक्टरांनी हळूच पेन खाली ठेवलं.

तेव्हा सरस्वती बोलली. पहिल्यांदाच. "मला नको ती जागा."

मनुबाईने डोळे पुसता पुसता मान वळवली.

"मला नाय जमत, आई. तुमी दोन दिवस अंथरुणात होता तवा मी बसलेले. मी शंभर बोलले, ती बाई पन्नास बोलली, मी हो बोलले. दुसरी आली, तिला पन हो बोलले. समदी सुरमई गेली. मंग मी कोपऱ्यात जाऊन रडले. यांना बोलले पन, मला नको. ते बोलतात, शिकशील." ती आता हुंदके देऊन रडायला लागलेली. "रोज देवाला सांगते, आईंचा गुडघा बरा कर. आन् तुमी दोन बोललात तवा मी सुटले बोलून हसायला लागलेले."

मनुबाईने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं जवळ घेईल. घेतलं नाही.

"सुरमई पन्नासला?" ती म्हणाली. "आन् मना बोललीस मांजराने नेली."

"मंग काय बोलणार?"

"अख्खी?"

"डोक्यासकट."

मनुबाई एवढी हसली की बाक हलला, आणि हसता हसता गुडघ्यातून कळ आली तशी तिने सुनेचाच हात घट्ट दाबून धरला. तो तिने मग सोडला नाही. बाकावर बसल्या बसल्या दोघींनी ठरवूनही टाकलं. टोपली सरस्वती उचलणार, मासळी ती धुणार, कापणार. मनुबाई नुसती बसणार, तेही पाटावर नाही, स्टुलावर, आणि भाव करणार. कान्हाला कोण सांगणार यावर थोडं अडलं. मी म्हटलं, पाठवा त्याला माझ्याकडे.

डॉक्टरांनी नऊ लिहिलं. मार्चमध्ये पाकिटं उघडली तेव्हा कळलं, सहा आठवडे मनुबाईच्या वाट्याला पिठाचीच गोळी आलेली. पण त्या गुरुवारी हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या गुरुवारी तिने फक्त उठायचा प्रयत्न केला, एका बाजूने सून, एका बाजूने मी, आणि अर्ध्यात थांबून डॉक्टरांना म्हणाली, "दुखतं ओ साहेब. लय दुखतं. दुसरी गोळी कवा देता?"

"आत्ता," डॉक्टर म्हणाले आणि स्वतः उठून आणायला गेले.