वाचल्याचा दिवस

"बर्फ आण अजून," मॉम म्हणाली. "आणि पंखा त्याच्या तोंडावर कर."

डॅड किचनच्या फरशीवर फ्रिजला खांदा टेकून बसला होता. मागच्या अंगणात सकाळपासून मांस धुरावर लावलेलं. टेक्सासचा ऑगस्ट. ते बघायला म्हणून तो उठला आणि दारातच पाय लटपटले.

आमच्या घरी हे काही नवीन नाही. मी पोटात होते तेव्हा इराकमध्ये डॅडची गाडी पेटली. हात, पाय, मान, चेहरा, सगळं भाजलं. चिलखती जाकिटाखाली छाती-पाठ तेवढी वाचली. भाजलेल्या जागी चिकटवलेल्या कातडीला घाम येत नाही, मग उन्हात अंग तापतं आणि चक्कर येते. तेव्हा काय करायचं ते मला चार वर्षांची असल्यापासून पाठ आहे. हातापायांवर पाणी मारायचं, मानेवर बर्फ धरायचा आणि घाबरलोय असं दाखवायचं नाही.

"अशी काय बघतेस, डार्ला? भूत आहे का मी?" डॅड म्हणाला.

"भूत बरं दिसतं रे," लमार अंकल म्हणाला.

तो जळलेल्यांच्या वॉर्डात डॅडच्या शेजारच्या खाटेवर होता. ज्या तारखेला डॅड मरता मरता राहिला, ती आमच्याकडे दरवर्षी साजरी होते, आज तीच. वाचल्याचा दिवस. वॉर्डातले चौघं जमायचे, बिअर प्यायचे, एकमेकांच्या तोंडावरून घाणेरडे जोक मारायचे. मग ओचोआ गोळ्या जास्त घेऊन गेला. ब्रँटचं लिव्हर गेलं, बेचाळिसाव्या वर्षी. आगीतून सुटले, हॉस्पिटलातून सुटले आणि घरी येऊन मेले. राहिले हे दोघं.

शाळा मी अकरावीत सोडली. मास्तर डोक्यात जातात असं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण वर्गात बसलं की ऑफिसमधला फोन ऐकू यायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हा घरून, माझ्यासाठीच.

"कसं वाटतंय?" मॉमने विचारलं.

"ठीक." डॅड जबडा चोळत होता. ओठ राखाडी दिसत होते.

"नाटकं करतोय," लमार अंकल म्हणाला. "मांस मला कापायला लावायचंय."

अर्धा तास झाला होता. एरवी दहा मिनिटांत तो उठून आम्हालाच शिव्या घालतो. मी बर्फाची पिशवी त्याच्या शर्टाच्या आत पाठीला लावायला गेले आणि हात थांबला. पाठ ओलीचिंब. तिथे आम्ही पाणी मारलंच नव्हतं. तो घाम होता, आणि खालची कातडी थंडगार.

"मॉम, हा तापलेलाच नाहीये."

"आत्ता वाद नकोय मला."

"पाठीला हात लाव ना."

"सतरा वर्षं मी हे करतेय, डार्ला. तोंड बंद ठेव."

"मग सतरा वर्षं केलंस ते हे नाहीये. गार पडलाय तो. गार माणसाला बर्फ लावतोय आपण." मी पिशवी सिंकमध्ये आपटली. बर्फ फरशीभर झाला.

"हॉस्पिटल नाही," डॅड डोळे मिटूनच म्हणाला. "चौदा महिने काढलेत मी तिथे."

लमार अंकल गुडघ्यांवर बसला. त्याच्या बोटांना गार-गरम काही कळत नाही. त्याने डॅडचा शर्ट वर केला आणि स्वतःचा गाल त्या पाठीला लावला, उजवा, जो भाजला नाही तो. तसाच राहिला थोडा वेळ.

"नोरीन," तो मॉमला म्हणाला, "गाडी काढ."

आमच्या रस्त्याला अ‍ॅम्ब्युलन्स यायला अर्धा तास लागतो. मॉमने पंधरा मिनिटांत गाडी पोचवली. गावातलं छोटं हॉस्पिटल. नर्सने शिरेसाठी डॅडचा एक हात धरला, मग दुसरा धरला, आणि शेवटी पावलावर शीर शोधली. डॉक्टर पोरगेलासाच होता. हार्ट अटॅक आहे म्हणाला. कधीपासून?

"पाऊण तास," मॉम म्हणाली. "जास्तच. आम्ही... आम्ही बर्फ लावत होतो."

डॉक्टरने ते लिहून घेतलं.

"अंगावर लोखंडाचं काही नको," नर्स म्हणाली. डॅडने हात वर नेला आणि डावा कान काढला. रबराचा आहे, लोहचुंबकावर बसतो. बाहेरच्या माणसासमोर त्याने तो काढलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने तो माझ्या हातात ठेवला.

"दाबू नकोस," म्हणाला. "लागेल मला."

त्याला आत नेलं. मॉम कागदांवर सह्या करत होती, लमार अंकल भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी खुर्चीत बसले, तळहात वर करून. कान आधी गार होता, मग हळूहळू माझ्या हाताइतका कोमट झाला. समोरच्या बाईने पाहिलं आणि मान फिरवली. मी मूठ मिटली नाही.