कट

सोनुबाईच्या घरात डाळीचा कट आजवर कुणी टाकला नव्हता. पुरणाच्या दिवशी त्याची आमटी व्हायची, बाळंतिणीला तो गरम गरम पाजला जायचा, आणि तापातून उठलेल्या माणसाला आधी कट नाहीतर पेज, मग बाकीचं. कडावात नांदायला येऊन तिला पंचेचाळीस वर्षं झाली होती. अंगात ताकद येते ती अशा पाण्यानंच, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून हर्षलाताई पहिल्यांदा घरी आली तेव्हा सोनुबाईचं डोकंच फिरलं. ही ताई एका संस्थेची आहारतज्ज्ञ. डायलिसिसवरच्या माणसांच्या घरोघर जाऊन काय खायचं, काय नाही ते सांगायची. सोनुबाईचा थोरला योगेंद्र, वय अडतीस, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा कर्जतला डायलिसिस. ताईनं त्याच्या बायकोच्या, विनिताच्या, हातात तक्ता दिला. केळं नाही, शहाळं नाही, टोमॅटो नाही, मीठ नावापुरतं. डाळ आणि भाजी भिजवायची, उकळायची, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणीला घालायची.

"पानी कशाला फेकायचं?" सोनुबाईनं विचारलं.

अवघड शब्द न वापरता बोलायचं, याचा हर्षलाताईला फार अभिमान. पोटॅशियम हा शब्द तिच्या जिभेवर आला होता, तो तिनं गिळला आणि गोड हसून म्हणाली, "आजी, डाळीत, भाजीत जे असतं ना, ते सगळं उकळल्यावर पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणी टाकायचं."

घ्या! म्हणजे सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, हे या शिकलेल्या पोरीलाही कबूल. आणि तरी टाका म्हणते! मग माझ्या लेकानं काय चोथा चावायचा? आलेल्या बाईला सोनुबाईनं चहा दिला, पण मनातून ती त्या तक्त्यावर कायमची फुली मारून बसली.

विनिता मात्र तक्त्याबाहेर पाऊल टाकत नव्हती. ती जवळच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. पहाटे उठून नवऱ्याची भाजी दोन-दोनदा उकळायची, पाणी मोरीत ओतायला निघायची. तिसऱ्या दिवशी सोनुबाई म्हणाली, "फेकू नको गं, बादलीत ओत. म्हशीला घालीन."

विनिताला ते पटलं. अन्नाचं पाणी जनावराच्या पोटात गेलं तर वाईट काय?

म्हशीच्या वाट्याला त्यातला थेंबही आला नाही. विनिता नऊला घराबाहेर पडली की सोनुबाई ते पाणी गाळायची, आटवायची, लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची, चिमूटभर मीठ घालायची आणि पेला योगेंद्रच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी त्यानं पेल्याकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. तक्ता त्यानंही ऐकला होता. पण तीन दिवस अळणी खाऊनच तोंड विटलेलं, आणि समोर लसणाचा वास.

"विनीला सांगू नको," आई म्हणाली.

"नाय सांगत," तो म्हणाला आणि त्यानं पिऊन टाकलं. "आई, आज कुठं तोंडाला चव आली बघ."

त्या एका वाक्यावर सोनुबाई दिवसभर तरंगत होती. आईला आणखी काय हवं असतं!

महिन्यानं रक्ताचा रिपोर्ट आला तो वाईट. जो आकडा पाचाच्या आसपास हवा, तो सहाच्या वर गेला होता. अंगात पाणी साठून दोन डायलिसिसच्या मधलं वजनही भलतंच वाढलं होतं. हर्षलाताईनं विनिताला बाजूला घेतलं. "रोज दोनदा उकळायचा कंटाळा येतो, मला कळतं. पण पाणी राहू देऊ नका."

"शपथ घेते ताई, थेंब ठेवत नाय मी."

ताईनं मान हलवली, पण विश्वास ठेवल्यासारखी नाही. घरी सगळे विनिताकडेच बघू लागले. विनितानं भाज्या आणखी कमी केल्या आणि तीनदा उकळायला लागली. योगेंद्रची गालफडं बसत चालली. ते बघून सोनुबाईचा जीव तुटायचा. बायको उपाशी मारते, आईनं तरी बघत बसायचं का? तिनं एकाचे दोन पेले केले.

एका सोमवारी सकाळी योगेंद्र अंगणात कोसळला. धाकट्या नीलेशनं टेंपोत घालून कर्जतला नेला. हृदयाचे ठोके चुकत होते. डॉक्टरांनी तातडीनं डायलिसिस लावलं म्हणून वाचला. दुपारी खाटेजवळ सगळे जमले, हर्षलाताईही धावत आली. आता तिनं तो अवघड शब्द उच्चारला. "भाजीत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. आपल्या किडन्या जास्तीचा बाहेर टाकतात, दादांच्या टाकत नाहीत. रक्तात साठला की हृदय बंद पडतं. उकळल्यावर पाण्यात उतरतो तो हाच, आजी."

भवाने, हे तेव्हा का नाही सांगितलंस? सोनुबाईच्या ओठांवर आलं होतं, पण ते बोलायचं तर पुढचंही सगळं बोलावं लागलं असतं.

नीलेश भावजयीवर धावून गेला. "वयनी, माज्या भावाला मारायचा कट हाय का तुमचा?"

तो शब्द ऐकून सोनुबाईच्या अंगावर काटा आला.

विनिता रडली नाही. ती सासूकडे वळली. "आई, तुमी सांगा. पानी मी रोज बादलीत ओतते का नाय? तुमी म्हशीला घालता का नाय?"

"घालते की," सोनुबाई म्हणाली.

मग विनितानं नवऱ्याकडे पाहिलं. योगेंद्रचे डोळे उघडे होते. त्यानं आईकडे बघितलं, आणि मान भिंतीकडे वळवली. "तिला कामावर जायची घाई असते," तो हळूच म्हणाला. "राहत असंल पानी कदी कदी."

विनिता एकदा त्याच्याकडे, एकदा सासूकडे बघत राहिली. तिला कळलं. तिला कळलंय, हे सोनुबाईलाही दिसलं. आता विनिता तोंड उघडणार, असं तिला वाटलं. विनिता फक्त "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

चार दिवसांसाठी म्हणून ती खालापूरला माहेरी गेली, त्याचे तीन महिने झाले. सोनुबाई एकदा म्हणाली, "तिला आणा रं." नीलेश म्हणाला, "मेलेला बघायचाय का तुला दादाला?" योगेंद्र ताटात बघत जेवत राहिला. ती पुन्हा म्हणाली नाही. आपण का म्हणत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यासाठी ती स्वतःला रोज शिव्या घालत होती.

स्वयंपाक आता सोनुबाईकडे आला होता. ती दोनदा उकळायची आणि शेवटचा थेंब मोरीत जाईपर्यंत तिथून हलायची नाही. आकडा पाचाच्या खाली आला. गालफडं भरली. गावात बायका म्हणू लागल्या, आईच्या हातचं खाल्लं आणि पोर सुधारलं; त्या बयेनं काय केलं असेल देव जाणे. सुधारलेला प्रत्येक रिपोर्ट विनिताविरुद्धचा पुरावा होत गेला.

हर्षलाताईनं कर्जतला रुग्णांच्या घरच्यांचा मेळावा घेतला. पन्नासेक माणसं आली होती. तिनं सोनुबाईला पुढं बोलावलं, हातात माईक दिला आणि म्हणाली, "आजी, घाबरू नका. तुम्ही काय वेगळं केलंत, तेवढंच सांगा."

सोनुबाई समोरच्या बायकांकडे बघत राहिली. बहुतेक सुनाच होत्या, डब्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या. आता सांगावं, सगळं सांगून मोकळं व्हावं, असं तिला पोटातून वाटलं. तिनं तोंडही उघडलं. पहिल्या रांगेत योगेंद्र बसला होता. त्यानं जेमतेम दिसेल अशी मान हलवली, नको म्हणून.

"मी पानी टाकते," ती म्हणाली.

सगळ्यात आधी टाळी त्यानं वाजवली.