काच कारखान्याच्या फाटकावरचा कर्णा

“वाऱ्याच्या तोंडावर ओरडू नकोस गं. वारा पाठीशी घे. मग शब्द आपल्या पायांनी चालत जातो.”

मी ऐकलेला हा पहिला आवाज. पत्र्याची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. त्याने तेलाचा रिकामा डबा कापला, पत्रा गुंडाळला, सांध्याला डाख दिला, आणि तेलाचा डबा होतो तो मी कर्णा झालो. मित्रांनो, मला वीज लागत नाही, बटण नाही. एका टोकाला तोंड लावायचं आणि दुसऱ्या टोकाने गल्ली हलवायची, एवढंच माझं शिक्षण. आता कडेला गंज चढलाय, अंगावर दोन पोचे आहेत. एक संपातला, पोलिसाच्या काठीचा, तो मी मिरवतो. दुसरा मिरवण्यासारखा नाही, पण तोही सांगतो.

मला करवून घेतलं एका बाईने. ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या घशामुळे सासूने तिचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं. सासू गेली, नाव राहिलं, युनियनने ते उचललं.

त्या कारखान्यात बाटल्या यंत्राने नाही, फुंकरीने व्हायच्या. लांब लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, साच्यात सोडायचा आणि छातीतला वारा त्यात ओतायचा. प्रत्येक फुंकणाऱ्याची टोपली वेगळी, आणि त्या टोपलीतल्या बाटल्या तपासून खोक्यात भरणारी बाईही ठरलेली. तोफ वीस वर्षं एकाच टोपलीवर बसली. टोपली ज्याची, त्याच्याशीच तिचं लग्न झालं.

बाया म्हणायच्या, “हिने आधी बाटल्या तपासल्या, मग नवरा घेतला.”

ती म्हणायची, “बाटली नापास करता येते गं. नवरा नाही करता येत.”

नवरा बोलायला कमी. सगळा वारा बाटल्यांत जायचा, शब्दांना उरायचा नाही. त्याच्या सदऱ्याला बाह्या नव्हत्या. भट्टीच्या ठिणग्यांनी छातीवर भोकं पडायची, आणि बाह्या एकेक करून ठिगळांत गेल्या होत्या. घरात दोन मुली. पगार यायचा तो पाहुण्यासारखा, बूटही न काढता निघून जायचा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तोफ मुलींना सांगायची, “आज भूक लागली तर उद्याची म्हणून धरा.” मुली हसायच्या. लहान होत्या.

पगारवाढ मागून तीन वर्षं झाली, तेव्हा युनियनने संप पुकारला. माझं खरं आयुष्य तिथे सुरू झालं. फाटकासमोर खोक्यावर उभी राहून तोफ मला तोंडाला लावायची आणि स्वतः जुळवलेल्या ओळी म्हणायची:

काच गं बाई काच, काचेची बाटली,
धन्याच्या दारी भरली, माझ्या दारी फुटली.

चारशे गळे ती ओळ उचलायचे. माझा पत्रा थरथरायचा. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला वाटायचं की हा सगळा पराक्रम माझाच.

पण काचेच्या कारखान्याचा संप इतर संपांसारखा नसतो. भट्टी विझू द्यायची नसते. विझली तर आतली काच थिजते, विटा तडकतात आणि वर्षभर कुणालाच काम राहत नाही. म्हणून युनियनचाच नियम होता: दोन माणसांनी आळीपाळीने आत जाऊन भट्टी राखायची. विस्तव राखायचा, नळी धरायची नाही. या कामाला सगळ्यांत भरवशाचे दोघे निवडले. एक तोफेचा नवरा. दुसरा चष्म्या, जाड भिंगांचा, कारखान्यातला सगळ्यांत सरळ फुंकणारा.

तेराव्या दिवशी भर दुपारी फाटकातून लॉरी निघाली. वळणावर ती गचकली, एक खोकं खाली आलं. बाटल्या फुटल्या, एक वाचली. कोरी होती. गोदाम तर संपाआधीच रिकामं झालं होतं. म्हणजे आत कुणीतरी नळी धरत होतं. आणि आत जाणारी माणसं दोनच.

युनियनच्या सेक्रेटरीने बाटली तोफेच्या हातात दिली. चष्म्याच्या टोपलीवरची बाई बाळंतपणाला गेली होती. बाटली दोघांपैकी कुणाची, ते हाताने ओळखणारी तोफ एकटीच उरली होती.

मी तिच्या काखेत होतो, मित्रांनो. तिचं बोट बाटलीच्या गळ्याभोवती फिरलं. नवरा नळी डाव्या खांद्यावरून उचलायचा, त्यामुळे त्याच्या बाटलीचा गळा उजवीकडे केसभर कलायचा. डोळ्यांना दिसत नसे, बोटाला लागे. बोट एका जागी थांबलं. मग तिने बाटली सेक्रेटरीला परत दिली.

“तुझ्या नवऱ्याची आहे का?” सेक्रेटरीने विचारलं.

“नाही.”

मागून कुणीतरी बोललं, “नवऱ्याची बाटली बायकोने ओळखायची. सोय आहे बुवा.”

“तोफ कधी खोटं बोललीय?” सेक्रेटरी त्याच्यावर उसळला. “तिचं बोट म्हणजे आपलं बोट.”

एक ‘नाही’ पुरला. उरला तो चष्म्या.

संध्याकाळी घरी तिने मला खुंटीला अडकवलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. मुली दारात खेळत होत्या, म्हणून दोघं दबक्या आवाजात भांडली. दबक्या आवाजातलं भांडण वाईट असतं. त्यातलं काही वाया जात नाही.

“किती दिवस?”

“सहा.” तो मान वर करेना. “काच बिघडली का बघायला नळी घातली. बघायला तर लागतंच. पण नळी ओठाला लागली की फुंकर आपोआप जाते गं. बाटली झाली. मॅनेजर मागे उभा होता. म्हणाला, झालीच आहे तर फोडतोस कशाला, टोपलीत टाक. मुलींचा विचार कर.”

“आणि तू केलास विचार.”

“तू नाही केलास? पिठाचा डबा सहा दिवस भरलेला आहे. कुठून भरला, विचारलंस का कधी?”

तिने विचारलं नव्हतं. उघडला होता, मळलं होतं, वाढलं होतं.

“युनियनला जाऊन सांग,” ती म्हणाली.

“तू ‘नाही’ म्हणालीस. आता मी ‘हो’ म्हणू? तुला फाटकात उभं करतील का? मग दोघंही घरी. या दोघींना काय फुंकून मोठं करायचं?”

तिने तोच पिठाचा डबा उघडला आणि भाकऱ्यांना बसली. दुसऱ्या दिवशी लोक तिच्याकडे पाहत होते. तोफेने गप्प राहावं कसं? तिने मला उचललं आणि माझ्यातून नवी ओळ सोडली:

फितूर झाला गडी, त्याच्या दारी नका जाऊ,
पाणी मागेल तर त्याला रिकामी बाटली देऊ.

एवढी टाळी मला आयुष्यात मिळाली नाही. चष्म्या फाटकाशी आला होता, शपथ घ्यायला. त्याचं तोंड उघडलं, पण माझ्यापुढे उघड्या तोंडाची काय किंमत. कुणीतरी त्याचा चष्मा उडवला. तो गुडघ्यांवर बसून चाचपत राहिला आणि लोक त्याच्या हाताभोवतीच पाय आपटत राहिले. मित्रांनो, मी आवाज मोठा करतो. खरा करू शकत नाही. ते काम माझ्या अलीकडच्या तोंडाचं असतं.

संप मिटला. मागितलं त्याच्या निम्मी वाढ मिळाली. सगळे कामावर गेले, एक सोडून. मॅनेजर काही बोलला नाही. त्याला खरं काय ते माहीत होतं, पण कामगार आपसांत फाटलेले त्याला परवडत होते. चष्म्याला आत घेऊ नये, ही अट युनियननेच घातली.

मलाही कुणी विचारीना. तोफ मला हात लावीत नव्हती. घरात मला उलटा धरून पिठाच्या डब्यात पीठ ओतायला वापरू लागले. ज्याच्यातून चारशे माणसं बोलली त्याच्यातून पीठ गळायचं, आणि माझ्या घशात ते दिवसभर कोरडं चिकटून राहायचं.

चष्म्याच्या घराला गल्लीने टाकलं होतं. नळावर त्याच्या बायकोची बादली कुणीतरी पायाने मागे सारायचं. ती पुन्हा पुढे ठेवायची, पुन्हा मागे. शेवटी सगळ्यांचं भरून झालं की नळाला जी धार उरेल ती तिची. त्याची मुलगी तोफेच्या थोरलीच्या वर्गात होती.

एका सकाळी थोरलीने मला खुंटीवरून काढलं, आतलं पीठ झटकलं आणि नळावर नेलं. मागे चारपाच पोरी. चष्म्याची मुलगी बादली धरून रांगेच्या शेवटी उभी होती. थोरलीने मला तोंडाला लावलं आणि आईचीच ओळ, आईच्याच ठेक्यात, तिच्या कानापाशी म्हटली. पाणी मागेल तर त्याला... पोरींनी उरलेली म्हटली. ती मुलगी रडली नाही. तिने बादली उलटी केली, तिच्यावर बसली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले, जणू हे रोजचंच.

तोफ मागून आली. तिने मला एवढ्या जोरात हिसकलं की मी नळाच्या कट्ट्यावर आपटलो. हा माझा दुसरा पोचा.

“मीच केलं तर चूक?” थोरली चिडून म्हणाली. “तू केलंस तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.”

चष्म्याची बायको तोवर आली होती. तिने मुलीला उठवलं, बादली सरळ केली आणि शांतपणे म्हणाली, “मी काही म्हणत नाही, वहिनी. फक्त विचारते. तुमची बोटं बरी आहेत ना?”

मित्रांनो, आम्हां वस्तूंच्या गोष्टीच्या शेवटी काळजीचा उपदेश असतो, म्हणून सांगतो. पत्रा पुसून ठेवा, गंज धरू देऊ नका, पोचा बोटाने दाबून सरळ होत असेल तर करा. पण घरात एखादी मोठ्या आवाजाची वस्तू असेल, पत्र्याची किंवा हाडामासाची, तर तिच्या तोंडी काय देता ते आधी पाहा. पीठ झटकून टाकता येतं. दुसरं काही माझ्यातून निघालं की ते रस्त्यावर जातं, पोरींच्या तोंडी बसतं, आणि मला परत गिळता येत नाही.

त्याच दुपारी पाळी सुटायच्या वेळेला तोफ मला घेऊन फाटकावर गेली. संपातलं खोकं कुणीतरी जळणाला नेलं होतं, म्हणून ती नुसत्या दगडावर चढली. पाळीतून सुटलेले थांबले, पाळीला चाललेले थांबले. सेक्रेटरीने हसून विचारलं, “काय वहिनी, परत संप?”

गर्दीतून नवरा पुढे आला. काम संपवून आलेला, भट्टीने चेहरा भाजलेला.

“खाली उतर,” तो म्हणाला. “घरी बोलू.”

“घरी बोलून झालं.”

“मुलींचं काय?”

“त्यांचंच चाललंय.”

त्याने माझी कड धरली आणि ओढली. तिने सोडलं नाही. क्षणभर मी दोघांच्या मध्ये होतो, जसा त्यांचा सगळा संसार. मग त्याचीच बोटं सुटली. तो बाजूला झाला नाही, तिथेच तिच्या दगडापाशी उभा राहिला, पायांकडे पाहत. तिने मला तोंडाला लावलं. तिचा श्वास आत आला, गरम. “चष्म्याने नळी धरली नव्हती,” ती म्हणाली. “ती बाटली माझ्या घरची होती. बोटाला तेव्हाच कळलं होतं, आणि मी नाही म्हणाले.”