कार्डावरची मूळ फाईल

राग आला की माणसं भांडतात. मिरची भांडत नसे, ती तयारीला लागे. तिचं हे नाव वडिलांनी ती रांगत असतानाच ठेवलं आणि तिनं ते आयुष्यभर इमानानं सांभाळलं. छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. दुसऱ्याची चूक शोधून तिच्याभोवती लाल वर्तुळ काढायचं, याचेच तिला पैसे मिळत. घरी ती हे फुकट करायची.

या वेळी वर्तुळ पडलं होतं ते तिच्या सख्ख्या ताईच्या नवऱ्याभोवती. भाऊजींचं सायकलींचं दुकान होतं आणि गावाबाहेरच्या टेकडीवर सायकली हाकणाऱ्या क्लबचे ते कॅप्टन होते. मिरचीचा नवरा त्याच क्लबात. साडू साडू दर रविवारी हेल्मेटवर छोटे कॅमेरे लावून उतारावरून धूळ उडवत यायचे आणि मग दोघी बहिणी त्यांच्या मळलेल्या कपड्यांना मिळून नावं ठेवायच्या. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी नवरा आडवा होऊन आला. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "त्यानं मला ढकललं. मी पुढे निघत होतो, ते बघवलं नाही त्याला."

नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच राहायचा आणि खाली वाकून काढलेल्या झाडांना मुलं झुडपं म्हणायची. हे तो घरी येऊन सांगायचा तेव्हा मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ताई दवाखान्यात भेटायला आली, तर हिनं तिला खोलीच्या दारातच थांबवलं. "कॅप्टनीणबाईंना आत जागा नाही," म्हणाली. भाऊजींनी ना कबुली दिली, ना नकार. "झालं ते झालं, त्याचा खांदा बरा होऊ दे," एवढंच बोलले आणि मूग गिळून बसले. चोरच असा गप्प बसतो, असं मिरचीचं मत पडलं.

पुरावा होता. नवऱ्यानं हेल्मेटच्या कॅमेऱ्यातला चार-पाच सेकंदांचा तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात धूळ, थरथरणारं हँडल, उजवीकडे अगदी जवळ आलेली भाऊजींची सायकल, दोघांच्या मधे हातासारखं काहीतरी धुळकट फिसकटलेलं, आणि मग आभाळ खाली, जमीन वर. नवरा त्या फिसकटलेल्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हा बघा त्याचा हात." सगळे मान डोलवायचे. पण मावशीनं एकदा चष्मा पुसून विचारलं होतं, "हात आहे की पिशवी गं?" मिरचीनं ते मनात ठेवलं.

क्लबचा वार्षिक मेळावा जवळ आला होता. तिथं एक रीत होती: प्रत्येकानं वर्षातला आपला एक व्हिडिओ आणायचा आणि तो हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर सगळ्यांनी बघायचा. मग चहा, मग पुढच्या वर्षाचा कॅप्टन. मिरचीनं ठरवलं, या वर्षी नवऱ्याच्या वतीनं व्हिडिओ आपण न्यायचा. भिंतीएवढा तो हात सगळ्यांनी बघायचा. ताईनंही बघायचा. भाऊजींना त्या भिंतीसमोर मान खाली घालून उभं राहिलेलं तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की भाजी चिरताना तिला हसू फुटायचं.

"जिरव त्याची," नवरा म्हणाला. "माझ्याच्यानं आता काही होत नाही. तू कर."

अडचण एकच होती. ग्रुपवरचा तुकडा घरच्या कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर भाऊजी की भोपळा, कळत नव्हतं. छापखान्याच्या तळमजल्यावर एक व्हिडिओवाला होता, लग्नकार्यांचे व्हिडिओ जोडून देणारा. मिरची फोन घेऊन त्याच्याकडे गेली. त्यानं तो तुकडा पाहिला आणि आंबट काहीतरी चाखल्यासारखं तोंड केलं.

"वहिनी, ही मूळ फाईल नाहीच. कॅमेरा फोनवर बघण्यापुरती एक बारकी नक्कल बनवतो, ती आहे ही. तीसुद्धा ग्रुपवर टाकताना आणखी पिचलीये. झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ असते कॅमेऱ्याच्या कार्डावर. ती आणा."

"कार्ड खराब झालं, असं हे म्हणतात."

"मग भिंतीवर धुकं दाखवा," तो म्हणाला.

मिरचीला धुकं नको होतं. तिनं कपाटावरचा खोका खाली काढला. कॅमेऱ्याची काच तडकली होती, पण कार्ड जागच्या जागी होतं, आणि कॉम्प्युटरला लावल्यावर उघडलंही. त्या दिवसाची अख्खी फाईल त्यात होती. नवऱ्यानं ती फोनवरून पुसली होती, आणि फोनवर दिसेनाशी झाली म्हणजे कार्डावरूनही गेली, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. कार्ड खराब कसलं, ठणठणीत होतं! नवऱ्याला यंत्रातलं काही कळत नाही, हे मिरचीला लग्नापासून ठाऊक होतं. तिनं त्याला काही सांगितलं नाही. भिंतीवरच चकित करू म्हणाली.

तो व्यायामाला दवाखान्यात गेला की ती कॉम्प्युटरसमोर बसायची. मुलीनं कॉलेजात असताना वापरून टाकलेला तो कॉम्प्युटर मूळ फाईल लावली की अडखळत चालायचा. सायकल दोन फूट जायची आणि थांबायची. व्हिडिओवाल्यानं युक्ती सांगितली होती. कॉम्प्युटरकडून फाईलची एक हलकी नक्कल करून घ्यायची, कापाकापी सगळी त्या नकलेवर करायची, आणि शेवटी नकलेच्या जागी मूळ फाईल जोडून एकदाच, फक्त एकदाच, पक्का व्हिडिओ काढायचा. मधेमधे साठवून पुन्हा उघडायचं नाही. दर वेळी चित्रातलं थोडं थोडं जातं. मिरचीला हे फार पटलं. कच्च्या मुद्रितावर हवं तेवढं खरडा, छापायची प्रत एकच.

लांबलचक चित्रणातून तिनं नेमका तोच तुकडा शोधला. मागचंपुढचं बघायला तिला वेळ नव्हता, आणि आवाज तर तिनं आधीच बंद केला होता, नुसता वाऱ्याचा घोंगाट होता तो. हलक्या नकलेत हात अजून फिसकटलेलाच होता. तरी तिनं सुरुवातीला पाटी घातली, तिथं गती कमी केली, बाणही काढला. लाल. घरच्या घरी, आपल्या हातानं, कुणाचा उपकार न घेता ती सूड उगवत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

मग एका दुपारी तिनं मूळ फाईल जोडली आणि पक्का व्हिडिओ काढायला लावला. कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत राहिला. तोवर तिनं कपडे वाळत घातले, स्वतःसाठी चहा केला, आणि चहा घेऊन बघायला बसली.

काय सुरेख आलं होतं! वाटेवरचा खडा अन् खडा मोजता येत होता. भाऊजींच्या मानेवरचा घाम दिसत होता. आणि तो हात दिसत होता. हात अलीकडून पलीकडे जात होता. पांढऱ्या काठाची निळी बाही, मनगटापर्यंत. भाऊजींची बाही अर्धी होती, त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते आणि कोपरं उघडी होती. निळी बाही पुढे गेली, भाऊजींच्या सीटची मागची बाजू तिनं पकडली आणि जोरानं मागे ओढली. सायकल आडवी झाली, तिच्यावर कॅमेरेवाल्या सायकलीचं पुढचं चाक आदळलं, आभाळ खाली आलं. तो निळा शर्ट मिरची दर सोमवारी धुवायची. आत्ता दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत तो नव्हता एवढंच, कारण दवाखान्यात तो कापून काढावा लागला होता. लाल बाण मात्र आपल्या जागी इमानदारीनं उभा होता.

चहावर साय धरली. मिरचीनं तुकडा पुन्हा लावला. मग कानाला हेडफोन लावून अख्खी फाईल काढली आणि आवाज चालू केला. घोंगाटाखाली नवरा ओरडत होता, "आज नाही जाऊ द्यायचो तुला पुढे!" भाऊजी म्हणत होते, "अरे, इथं नको, कडा आहे. मागे हो." आदळल्यावर कॅमेरा तसाच चालू राहिला होता. गवत, आभाळ, आणि त्यात धावत आलेले भाऊजी. "हलू नकोस. मान हलवू नकोस, बाळा." साडूला बाळा म्हणत होते. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यातून रक्त गळत होतं, आणि तेही अगदी स्पष्ट आलं होतं.

मिरचीला रडू आलं नाही. आधी लाज वाटली, ती अंगभर. दवाखान्याच्या दारात उभी राहिलेली ताई आठवली. मग त्या लाजेच्या जागी राग भरू लागला, आणि हा राग जुन्यापेक्षा किती तरी चांगल्या प्रतीचा होता. या माणसानं आपल्याला खोटं सांगितलं. त्या खोट्यापायी आपण सख्खी बहीण तोडली. त्याला आंघोळ घातली, घास भरवले, आणि भरवता भरवता त्याच्या साडूला शिव्या दिल्या. आणि तो ऐकत होता, घास चावत होता.

नवरा दवाखान्यातून आला. "झालं का गं? दिसतो का हात?"

"दिसतो," ती म्हणाली.

"ओळखू येतो?"

"मेळाव्यात बघालच की. क्वालिटीत मी काही कमी ठेवलेली नाही."

तो खूश होऊन पायातले बूट डाव्या हातानं काढू लागला. एरवी ती वाकून काढून द्यायची.

दुसऱ्या दिवशी तिनं आधीचं सगळं पुसलं. बाण, गती, पाटी, सगळं. व्हिडिओवाल्याला विचारून तिनं एक आणखी सोपी रीत शिकून घेतली: चित्र नव्यानं बांधायचंच नाही, मूळ फाईलमधला तुकडा जसाच्या तसा कापून वेगळा काढायचा. रतीभरही काही जात नाही. फक्त हव्या त्या क्षणावर कापता येत नाही, ठरावीक जागीच कापलं जातं, म्हणून थोडं आधीपासून घ्यावं लागतं. मिरचीची हरकत नव्हती. तिनं नवऱ्याच्या आरोळीपासून घेतलं आणि भाऊजींच्या गुडघ्यापर्यंत ठेवलं.

मेळावा रविवारी सकाळी होता. हॉलचे पडदे ओढले होते. नवरा पहिल्या रांगेत बसला. शेजारच्यांना तो हळूच सांगत होता, "आमचं बघा हं, आमचं खास आहे." ताई मागे चहाच्या टेबलाशी कप मांडत होती. मिरचीकडे तिनं पाहिलं आणि पुन्हा कप मांडू लागली. भाऊजी कॉम्प्युटरजवळच बसले होते, एकेकाचा पेन ड्राईव्ह लावून देत. मिरचीचा पेन ड्राईव्ह त्यांनी निमूटपणे घेतला.

पाटी नाही, संगीत नाही. भिंतीवर एकदम टेकडी आली आणि हॉलभर नवऱ्याचा आवाज घुमला. पहिल्या वाक्यालाच त्याची मान ताठ झाली. तो वळला आणि अंधारात मिरचीला शोधू लागला. ती भिंतीला टेकून उभी होती, तिनं त्याला आपला चेहरा नीट दिसू दिला. भिंतीवर निळी बाही आली, पुरुषभर उंचीची. मागून कुणीतरी पटकन बोलून गेलं, "अरे, हा तर सरांचाच हात!" मिरचीला वाटलं होतं अगदी तसंच झालं, माणूस तेवढा बदलला होता. नवरा आपला चांगला हात मोडक्या खांद्यावर ठेवून खाली बघत होता. तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोटभर झाला.

'हलू नकोस' यायच्या आत भिंत काळी झाली. भाऊजींनी वायर उपटली होती.

"पुढे आहे अजून," मिरची म्हणाली. "भाऊजी, पुढे तुम्ही आहात. लोकांना बघू द्या."

"मी बघितलंय," भाऊजी म्हणाले. "माझ्या हेल्मेटवरही कॅमेरा होता." मग ते पहिल्या रांगेत गेले आणि साडूच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर बसले. नवऱ्याचे खांदे हलू लागले, मोडका आणि धड, दोन्ही.

मिरची चहाच्या टेबलाशी गेली. ताईचा हात धरून ती म्हणाली, "ताई, मला माहीत नव्हतं गं. आत्ता कळलं, तसं लगेच दाखवलं. सगळ्यांसमोर दाखवलं, तुझ्यासाठी."

ताईनं हात सोडवून घेतला नाही, पण तिची बोटं मिटलीही नाहीत. "आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "हे म्हणाले, त्याचा खांदा गेलाय, आता संसार नको जायला. मग गप्प बसलो. तू रस्त्यात तोंड फिरवायचीस, तरी गप्प बसलो."

"मला एकटीला तरी सांगायचंस!"

"कसं सांगणार होते? तुला सांगितलं की हेच होणार, ते आम्हाला ठाऊक होतं." ताईनं भिंतीकडे मान केली. "घरात दार लावून त्याला हवं तेवढं फाडून खायचं होतंस. मीही आले असते मदतीला. आज त्याच्यावर तू रागावलीस. काल आमच्यावर होतीस. उद्या माझी काही चूक झाली, मिरचे, तर माझं काय काय साठवून ठेवशील तू?"

मिरचीला उत्तर सुचलं. असं झोंबणारं सुचलं की ताई तिथंच गार पडली असती. पहिल्या दिवसापासून माहीत असून बहिणीला त्या माणसाला घास भरवू देणाऱ्या ताईसाठी अगदी नेमकं. ते तिच्या ओठांवर आलं. ताई तिच्या तोंडाकडे बघत होती, थोडी मागे सरकून, मार चुकवायला सरकतात तशी.

मिरचीनं ओठ मिटले. आतून गालाचा चावा घेऊन ती तशीच उभी राहिली. मग तिनं ताईच्या हातातली किटली काढून घेतली आणि कपांत चहा ओतू लागली. पहिले दोन-तीन कप बशीत सांडले.

ताई अजून जवळ आली नव्हती.

"एवढी जाड धार नको धरूस," थोड्या वेळानं ती लांबूनच म्हणाली. "आणि पहिला कप त्याला नेऊन दे. डाव्या हातात."