हार घातलेला ऑसिलोस्कोप

मित्रांनो, मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. नाव अवघड असले तरी काम सोपे. वायरीतून धावणारी वीज तुम्हाला दिसत नाही. मी ती माझ्या हिरव्या पडद्यावर रेषेने काढून दाखवतो.

माझी उमेदीची वर्षे लातूरच्या एका तंत्रशाळेत गेली. मुले रांगेने येत, बटणे फिरवत, रेषा नाचली की हसत. पुढे नवी यंत्रे आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. लिलावातून मला वीरण्णांनी नांदेडला आणले. ते जुन्या पेट्रोल गाड्यांचे मिस्त्री. माझा चिमटा ते ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या जाड वायरीला लावत. चार सिलिंडरच्या चार ठिणग्या माझ्या पडद्यावर चार उंच रेषा होऊन उभ्या राहत. रेषा बिघडली, की दोष सापडलाच. "कान फसतो, ह्यो न्हाई," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. मी सुखावून जाई.

खंडेनवमीला गॅरेजात सगळ्या हत्यारांची पूजा होते. मलाही हळदकुंकू, झेंडूचा हार. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा वीरण्णांच्या वडिलांपासूनचा नेम.

गेल्या वर्षी पूजा आटोपली आणि शेषेराव आपली पांढरी जुनी मोटार घेऊन आले. सोबत पत्नी चतुराबाई. दसऱ्याला माहूरच्या रेणुकामातेची ओटी भरायची, हे त्यांनी लग्नापासून चुकवले नव्हते.

"वीरण्णा, गरम झाली की बंद पडून राहिली. मशीन लाव जरा."

"आज न्हाई, मामा. पूजा झाली. परवा या."

"परवा? मग उद्या तुझी मामी देवीला काय सांगंल? मशीन झोपली व्हती म्हणून?"

चतुराबाई मोटारीतूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. गाडी मालकासारखीच हाय. कुरकुरती, पण चालती."

सगळे हसले. चहा झाला. तोवर इंजिन थंड झाले होते. वीरण्णांनी ते चालू करून नुसता कान दिला. "लई झ्याक वाजतंय. जा बिनघोर."

मी हाराआड बंदच होतो.

दुसऱ्या दिवशी माहूरच्या चढावर मोटार बंद पडली. हँडब्रेक जुना, सैल. चाकामागे दगड लावायला चतुराबाई उतरल्या. शेषेराव पुन्हा चावी फिरवू लागले आणि ब्रेकवरचा पाय क्षणभर सुटला. मोटार मागे घसरली. चतुराबाई चाकापाशी वाकलेल्याच होत्या. त्या वाचल्या नाहीत.

तेराव्यानंतर मोटार टोचन करून गॅरेजात आणली. शेषेराव बाजूला उभे होते. वीरण्णांनी मला जोडले. चारही रेषा ताठ उभ्या राहिल्या. मग इंजिन तापले, आणि चारही एकदम खचून पुसल्या गेल्या. इंजिन थांबले.

"कॉइल," वीरण्णा म्हणाले. त्यांची मान वर होईना.

"किती येळ लागला रे हे कळायला?"

"पाव घंटा, मामा."

"च्या प्यायला आपण अर्धा घंटा बसलो व्हतो," शेषेराव म्हणाले आणि मोटार तिथेच सोडून पायी निघून गेले.

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा. पण दारात कुणी अडले असेल, तर तो हार काढून बाजूला ठेवा आणि मला कामाला लावा. देवी रागावणार नाही.