सर आले की मी मंदावतो

मी बोलतोय. दचकू नका, आणि काचेचा तुकडा तर मुळीच म्हणू नका. मी स्फटिक आहे. दिसायला काचेसारखा असलो तरी अंगात शिसं आहे माझ्या. वीतभर देह आणि वजन लोखंडाचं.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या रसातून मला इतक्या सावकाश वर ओढलं, की कासवालाही जांभई आली असती. मग कापलं, घासलं, चकचकीत केलं. माझं काम एकच. वेगाने घुसणाऱ्या कणाला पोटात अडवायचं आणि त्याने किती ऊर्जा आणली ते उजेडाने सांगायचं.

प्रयोगशाळेत मी संशोधन करणाऱ्या एका ताईच्या हाती आलो. आम्हा हजारो स्फटिकांना पांढऱ्या कागदात कसं गुंडाळायचं, कण पकडणाऱ्या यंत्राच्या भिंतीत विटांसारखं कसं बसवायचं, हे सगळं तिनेच ठरवलेलं. मला गुंडाळून तिने पत्र्याच्या काळ्या पेटीत ठेवलं आणि आकाशातून येणाऱ्या कणांवर माझी परीक्षा सुरू झाली.

ताई एकटी असली की मी पास. तिचे सर बघायला आले की नापास!

"काल छान उजेड देत होता, सर."

"तुझ्यासमोरच बरा देतो! मी काय त्याचं घोडं मारलंय?"

शेवटी सरांनी बजावलं, "शुक्रवारी शेवटची चाचणी. नाही जमलं तर तुझी पद्धत रद्द." म्हणजे मी अडगळीत आणि ताईची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

कारण मला ठाऊक होतं. तापलो की माझा उजेड कमी होतो. तेवढं ताईलाही माहीत होतं; खोलीचं तापमान ती डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. पण थर्मामीटर होता खोलीच्या भिंतीवर आणि सरांची गरम चहाची किटली माझ्या डोक्यावर, पेटीच्या झाकणावर! खोलीत दुसरी मोकळी सपाट जागाच नव्हती. त्यात सर बोलायला लागले की तासभर थांबत नसत. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

शुक्रवारी मी पुन्हा मंदावलो. रडवेल्या ताईने पेटी उघडायला झाकणाला हात लावला.

"आई गं!"

तिने बोटं झटकली, किटलीकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी किटली उचलली. पेटी निवेपर्यंत दोघंही एकमेकांकडे न बघता बसले. मग मी जो उजेड दिला म्हणता!

"मी म्हणतच होतो, याला उष्णता सोसत नाही," सर म्हणाले. ताईने हसू गिळलं. "बरं, तुझीच पद्धत. सगळ्यांना अशीच गुंडाळा."

आता मी यंत्राच्या भिंतीत आहे, हजारो भावंडांत. आज शेवटचं झाकण लागतंय. यापुढे कायमचा अंधार. मघाशी ताईने माझ्यावर हात ठेवला. "बाबा रे, सांभाळून राहा," म्हणाली.

उद्या कण येऊन आदळले की संगणकाच्या पडद्यावर आमचे चौकोन लुकलुकतील, प्रत्येकाचा एकेक. त्यांतला मी कुठला, हे शोधत बसू नका. सगळे तिचेच आहेत.