एक बटण सोडून

जावयाचा एक लाडका सिद्धांत होता. जगातले निम्मे बिघाड घाणीतून होतात. लिफ्ट दुरुस्त करता करता त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते, आणि मधल्या मजल्यावर अडकलेल्या माणसांच्या शिव्या खात खात हा सिद्धांत पक्का झाला होता. दार लागत नाही? खाचेत बघा, कचरा असणार. घरातसुद्धा मिक्सर कुरकुरला की तो आधी फडकं शोधायचा. बायको म्हणायची, उद्या मी रुसले तर मलाही पुसून काढशील.

सासऱ्यांचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा मात्र ती थट्टेच्या मूडमध्ये नव्हती.

सासऱ्यांची दृष्टी ऐन उमेदीत गेली होती. टीव्हीला जोडायचा, जाडजूड, आता पिवळट पडलेला तो घरगुती कॉम्प्युटर त्याच सुमारास घरात आला. त्याच्या पाठीशी एक बोलणारा डबा होता. बटण दाबलं की डबा ते अक्षर नाकातल्या नाकात म्हणायचा. त्याच्या आधाराने सासरे बुद्धिबळाची कोडी रचायचे आणि मुलांच्या एका मासिकाला पाठवायचे. नवीन घ्या म्हणून मुलीने डोकं फोडून घेतलं, पण म्हातारा बधला नाही. सासूबाई गेल्या आणि काही महिन्यांत बटणं दाबली तरी डबा गप्प बसायला लागला. कोडी थांबली. सासरे हात मांडीवर ठेवून यंत्रासमोर नुसते बसून राहायचे. जेवण दोन घासांवर आलं.

"आई गेली तेव्हासुद्धा बाबा असे बसले नव्हते," बायको म्हणाली. "काहीही कर, पण ते यंत्र चालू कर. नाहीतर बाबाही हातचे जातील."

आज दोघं सासऱ्यांच्या घरी आली होती. ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन निघाली तेव्हा जावयाने दारातच विचारून घेतलं होतं. "बाबा, नेमकी कोणती बटणं रुसलीत?"

"ए पासून एच," सासरे चपला चाचपत म्हणाले. "आकडे. आणि एंटर. बाकीची ठणठणीत आहेत." मग जरा घुटमळून म्हणाले, "जावईबापू, जमलं तर जरा हलकी करा. हळू दाबली तरी लागतील अशी."

"तुम्ही निर्धास्त जा. नव्यासारखा करून ठेवतो."

घर रिकामं झाल्यावर त्याने टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि यंत्र चालू करून एकेक बटण दाबून पाहिलं. सगळीच्या सगळी बिनतक्रार बोलली. डॉक्टरसमोर बसल्यावर पेशंटचा खोकला थांबतो, तसला प्रकार. त्याने स्क्रू काढले, आतल्या तांब्याच्या पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या, स्प्रिंगा तपासल्या. कुठे तडा नाही, गंज नाही. तो जरा हिरमुसलाच. बिघाडच नाही तर दुरुस्त काय करायचं? आणि बायकोला काय सांगायचं?

मग कीबोर्ड उजेडाकडे तिरका धरला तेव्हा त्याची ट्यूब पेटली. रुसलेल्या बटणांवरच, नेमकी त्यांच्यावरच, काहीतरी वाळून चिकटलेलं होतं. मळकट, कडक कण. कुठे एक, कुठे दोन. बाकीची बटणं गुळगुळीत. जेवताजेवता म्हातारा यंत्राला हात लावत असणार, दिसत नाही बिचाऱ्याला.

तारेच्या आकड्याने त्याने बटणांच्या टोप्या उपसल्या, ब्लेडने ते कण खरवडले आणि टोप्या साबणाच्या पाण्यात टाकून ब्रशने घासल्या. शेवटी राहिलं एंटरचं लांबट बटण. त्याच्या खाली एक बारीक तारेची कडी असते, ती तुटली तर दुसरी मिळत नाही. ते सावकाश बघू म्हणून त्याने तसंच राहू दिलं. टोप्या कोरड्या करून जागच्या जागी बसवल्या, खरवड वर्तमानपत्रात गुंडाळून खाली कचऱ्याच्या गाडीत टाकून आला, आणि हात धुतोय तोवर दारात दोघं उभी.

"झालं?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजातली आशा ऐकून त्याची छाती फुगली.

"या बाबा, बसा. घाण साचली होती. सगळी काढली."

सासरे खुर्चीवर बसले. त्यांची बोटं बटणांवर आली, पुढे गेली, मागे आली. परत पहिल्यापासून फिरली.

"ठिपके कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

बायकोने पुढे होऊन कीबोर्ड पाहिला. "अरे, ती घाण नव्हती. आईचं नेलपॉलिश होतं ते. ए ते एच आणि आकडे म्हणजे पटावरची घरं, ती बाबांना सापडावीत म्हणून तिने थेंब दिले होते. झिजले की पुन्हा द्यायची. तिच्या हातचं तेवढंच होतं रे इथं."

जावयाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कचऱ्याची गाडी कधीच गेली होती. "बाबा, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण बटणं तीच अडकत होती, म्हणून..."

"बटणं अडकत नव्हती." सासऱ्यांचा आवाज अगदी शांत होता. "मीच हळू दाबत होतो. आता झिजले तर परत कोण देणार? म्हणून नुसतं बोट टेकवायचो. ते डब्याला कळायचं नाही. तुम्हाला खरं सांगायची लाज वाटली, जावईबापू. म्हाताऱ्याला काय खूळ लागलंय म्हणाला असतात."

त्यांनी बोट उचललं, चाचपत एक बटण शोधलं आणि जोरात दाबलं.

"ई," डबा म्हणाला.

"बघा. आता चालतंय."

त्या शब्दांनी जावयाला जेवढं लागलं तेवढं कुठल्याही शिवीने लागलं नव्हतं. बायकोने तोंडाला पदर लावला. सासऱ्यांनी दुसरं बटण शोधलं, चुकलं, पुन्हा शोधलं. "चार," डबा म्हणाला. खेळी पुरी झाली होती. हात सवयीने उजवीकडे, एंटरकडे गेला आणि तिथे थबकला.

त्या लांबट बटणावर दोन थेंब तसेच होते.

सासऱ्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मुलीला बघवेना. ते दाबतील असं वाटलं. पण त्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"जावईबापू, इकडे या."

तो खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसला.

"कोडी मी घालीन. पण एवढं बटण तुम्ही दाबायचं. येत जा संध्याकाळी." ते जरा थांबले. "अगदी कडेला दाबा. वर नको."

जावयाने बटणाच्या कडेला नख टेकवलं आणि दाबलं. ओळ पुढे सरकली.